ओडानाकची पहाट

इंग्रज सैन्यातल्या मेजर रॉबर्ट रॉजर्सने आपल्या हल्ल्याच्या अहवालात मारलेल्यांचा आकडा दिला तो किमान दोनशेचा. फ्रेंचांच्या कागदपत्रांत त्याच पहाटेचा आकडा आहे सुमारे तीस, आणि त्यात वीसएक बायका-मुलं. गाव एकच. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिणेला, सेंट फ्रान्सिस नदीच्या काठावर वसलेलं आबेनाकी या मूळ अमेरिकी लोकांचं ओडानाक. इंग्रज त्याला नदीच्याच नावाने सेंट फ्रान्सिस म्हणत. साल १७५९, ऑक्टोबरची सुरुवात.

१९४० साली एमजीएम कंपनीने या हल्ल्यावर 'नॉर्थवेस्ट पॅसेज' हा रंगीत चित्रपट काढला. दिग्दर्शक किंग विडॉर, रॉजर्सच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी. चित्रपटाने पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला. तो आधारलेला होता केनेथ रॉबर्ट्सच्या १९३७ सालच्या कादंबरीवर आणि कादंबरी बरीचशी रॉजर्सच्या स्वतःच्या रोजनिशीवर. म्हणजे हल्ला करणाऱ्याने जे लिहिलं तेच पावणेदोनशे वर्षांनी पडद्यावर आलं. चित्रपट वाईट असता तर त्याबद्दल फारसं बोलावं लागलं नसतं. पण तो उत्तम आहे. भूक, थकवा, चिखल आणि हट्ट या गोष्टी त्याच्याइतक्या ताकदीने दाखवणारे साहसपट थोडेच आहेत. म्हणूनच त्यातून काय निसटलं ते नीट पाहायला हवं.

आधी हे गाव तिथे कसं आलं ते समजून घेऊ. आबेनाकी लोकांची जुनी वस्ती आजच्या मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांच्या नद्यांकाठी होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज वसाहती उत्तरेकडे सरकत गेल्या, लढाया झाल्या, साथी आल्या, आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतून हुसकावली गेलेली कुटुंबं फ्रेंचांच्या आश्रयाला ओडानाकमध्ये जमली. तिथे फ्रेंच जेसुइट पाद्र्यांचं चर्च होतं, लाकडी घरं होती, मक्याची शेती होती. इथूनच आबेनाकी टोळ्या दक्षिणेकडे जात, इंग्रजांच्या वाड्यांवर छापे घालत, माणसं मारत आणि कैदी धरून आणत. न्यू इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या घरांत सेंट फ्रान्सिस हे नाव दहशतीचं होतं, आणि ती भीती खोटी नव्हती. पण ज्या जमिनींवर छापे पडत त्यांतल्या कितीतरी जमिनी छापा घालणाऱ्यांच्या आजा-पणजांच्या होत्या, हेही तितकंच खरं.

क्रौर्य दोन्हीकडे होतं आणि त्याला सरकारी भाव होता. १७५५ साली मॅसेच्युसेट्सचे लेफ्टनंट गव्हर्नर स्पेन्सर फिप्स यांनी पेनॉब्स्कॉट लोकांविरुद्ध जाहीरनामा काढला. पेनॉब्स्कॉट हे आबेनाकींचेच भाऊबंद. बारा वर्षांवरच्या पुरुषाच्या टाळूची केसांसकट कातडी आणली तर ४० पौंड; बाईच्या किंवा बारा वर्षांखालच्या मुलाच्या टाळूला २० पौंड. हे सगळं छापील कागदावर, राजाच्या नावाने. पुढे रॉजर्सने लिहिलं की, सेंट फ्रान्सिसच्या घरांवर खांबांना लटकवलेल्या सुमारे सहाशे टाळू त्याने पाहिल्या आणि त्यातल्या बहुतेक इंग्रजांच्या होत्या. ते वाक्य वाचताना फिप्सचा दरपत्रक-वजा जाहीरनामा शेजारी ठेवून वाचावा असं मला वाटतं.

रॉजर्स १७३१ साली मॅसेच्युसेट्समधल्या मेथ्यूएन इथे जन्मला. आईवडील आयर्लंडच्या अल्स्टर भागातून आलेले. कुटुंब न्यू हॅम्पशायरच्या जंगलकडेला राहायला गेलं आणि १७४८ साली इंडियनांच्या, म्हणजे मूळ अमेरिकी लोकांच्या, छाप्यात त्यांचं घर जाळलं गेलं. तरुणपणी तो रानोमाळ भटकला, शिकार केली, व्यापार केला, आणि १७५५ मध्ये खोट्या नोटांच्या प्रकरणात अडकता अडकता सैन्यात दाखल झाला. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं युद्ध पेटू लागलं होतं. पुढे सात वर्षांचं युद्ध म्हणून ओळखलं गेलेलं हेच ते युद्ध. भारतात त्याचीच एक लढाई जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशला झाली आणि फ्रेंचांचं दक्षिणेतलं बळ मोडलं.

ओळीत उभं राहून गोळ्या झाडणाऱ्या लाल डगल्यांच्या पलटणींचा जंगलात उपयोग नव्हता. रॉजर्सने सरहद्दीवरची माणसं जमवून रेंजर कंपन्या उभ्या केल्या. त्यांचा मुख्य तळ हडसन नदीतल्या फोर्ट एडवर्डजवळच्या बेटावर होता. हिरवे डगले, बर्फावर चालायचे जाळीदार जोडे, हलकी शिदोरी. १७५७ मध्ये त्याने नवख्यांना शिकवण्यासाठी २८ नियम लिहून काढले. एकामागे एक चाला, पण इतकं अंतर ठेवा की एका गोळीत दोघं पडू नयेत. दलदलीत मात्र शेजारी-शेजारी चाला, म्हणजे माग लागणार नाही. गेलेल्या वाटेने परतू नका. पहाटे सगळ्यांनी उठून तयार राहा, कारण फ्रेंच आणि त्यांचे इंडियन याच वेळी येतात. मराठी वाचकाला हा गनिमी कावा ओळखीचा वाटेल. रॉजर्स आणि त्याची माणसं ही विद्या ज्यांच्याशी लढत होती त्यांच्याकडूनच शिकली होती, आणि त्याच्या तुकड्यांत मॅसेच्युसेट्सच्या स्टॉकब्रिज गावचे मोहिकनही होते. या मोहिकनांपैकी एकाची गोष्ट पुढे येणार आहे.

१७५९ च्या उन्हाळ्यात इंग्रज सेनापती जेफ्री अ‍ॅमहर्स्ट शँप्लेन सरोवराच्या काठावर क्राउन पॉइंटला तळ देऊन होता. उत्तरेला जेम्स वुल्फ क्वेबेकला वेढा घालून बसला होता. अ‍ॅमहर्स्टने कॅप्टन क्विंटन केनेडीला काही माणसांसह पांढरं निशाण देऊन रवाना केलं. आबेनाकींना तहाचा निरोप द्यायचा आणि जमल्यास वुल्फपर्यंत पोचायचं. सेंट फ्रान्सिसच्या माणसांनी त्यांना पकडून फ्रेंचांच्या हवाली केलं. अ‍ॅमहर्स्टच्या संतापाला निमित्त मिळालं. त्याने रॉजर्सला हुकूम दिला: गावावर जा, सूड घ्या. त्याच हुकुमात त्याने स्पष्ट बजावलं होतं की, त्यांनी आपल्या बायका-मुलांना मारलं असलं तरी त्यांच्या एकाही बाईला किंवा मुलाला इजा होता कामा नये.

हुकमाची तारीख १३ सप्टेंबर १७५९. त्याच दिवशी सकाळी क्वेबेकच्या पठारावर वुल्फने फ्रेंचांचा पराभव केला आणि तो स्वतः पडला. कॅनडाच्या युद्धाचा निकाल जवळजवळ लागला होता, पण क्राउन पॉइंटला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर सुमारे दोनशे माणसं सतरा व्हेलबोटींतून, म्हणजे लांबट हलक्या वल्ह्यांच्या होड्यांतून, उत्तरेकडे निघाली. सरोवरात फ्रेंचांची गलबतं फिरत होती, म्हणून दिवसा काठाच्या झाडीत लपायचं आणि रात्री वल्हवायचं. आजारी पडलेली, जखमी झालेली चाळीसएक माणसं वाटेतूनच परत पाठवावी लागली.

दहा दिवसांनी ते सरोवराच्या उत्तर टोकाला मिसिस्क्वॉय उपसागरात उतरले. परतीच्या शिध्यासकट होड्या झुडपांत लपवल्या आणि राखणीला दोन मोहिकन ठेवले. दोनच दिवसांत ते दोघे धावत मागून येऊन भेटले. फ्रेंचांना होड्या सापडल्या होत्या. चारशे माणसं त्या ठिकाणी आली होती आणि त्यातली निम्मी मागावर होती. परतीची वाट बंद, शिधा गेलेला, पाठीवर शत्रू. रॉजर्सने पुढेच जायचं ठरवलं. परतताना मात्र पूर्वेला वळसा घालून कनेटिकट नदीने उतरायचं. एका जायबंदी अधिकाऱ्याला, लेफ्टनंट मॅकमुलनला, त्याने जंगलातून क्राउन पॉइंटला धाडलं. निरोप असा की, कनेटिकटला वेल्स नदी मिळते तिथे आमच्यासाठी अन्न पोचवा. मॅकमुलन पोचला. निरोपही पोचला.

पुढचे नऊ दिवस ते स्प्रूसच्या दलदलीतून चालले. पाणी कुठे घोट्याला, कुठे गुडघ्याला. रात्री कोरडी जागा नसे, म्हणून झाडं पाडून फांद्यांच्या मचाणासारखं काहीतरी करून त्यावर झोपायचं. माग काढणाऱ्यांना पाण्यात पावलं दिसत नाहीत, हा दलदलीचा फायदा. शेवटी सेंट फ्रान्सिस नदी आडवी आली. गाव पलीकडच्या काठाने पंधराएक मैल खाली. पाणी पाच फूट खोल आणि ओढ जबर. रॉजर्सने सगळ्यात उंच माणसं वरच्या अंगाला उभी केली, एकमेकांना घट्ट धरायला लावलं आणि तशीच तिरकी रांग पलीकडे नेली. काही बंदुका वाहून गेल्या, त्यांतल्या काही बुड्या मारून काढल्या. माणूस एकही गेला नाही. चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं दृश्य हेच. विडॉरने ते आयडाहोतल्या खऱ्या नदीत उभं केलं, पण ओढ इतकी होती की काही भाग स्टुडिओतल्या पाण्याच्या टाकीत पुरा करावा लागला. ते पाहताना हाताला हात धरलेल्या माणसांचे चेहरे लक्षात राहतात. रोजनिशीत या प्रसंगाला मोजकी वाक्यं आहेत. इथे सिनेमाने इतिहासाला न्याय दिला असं मी मानतो.

३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एका झाडावर चढून त्यांना गाव दिसलं. रॉजर्सजवळ आता अधिकारी धरून १४२ माणसं होती. रात्री तो दोन अधिकाऱ्यांसह गावाजवळ जाऊन टेहळणी करून आला. गावात मोठा नाच चालू होता, असं त्याने लिहिलं. पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तीन बाजूंनी हल्ला केला; सगळे झोपेत होते, लढायला वेळच मिळाला नाही; सात वाजेपर्यंत काम आटोपलं. मक्याची कोठारं असलेली तीन घरं सोडून सगळं गाव पेटवलं. तळघरांत आणि माळ्यांवर लपलेले बरेच जण जळून मेले, हेही त्यानेच लिहिलं आहे, एका वाक्यात. चर्च जळालं, पाद्री रूबो गावात नव्हता, त्याचे कागद गेले, चर्चमधली चांदीची मेरीची मूर्ती रेंजरांनी उचलली. पाच इंग्रज कैदी सुटले. वीस बायका-मुलं पकडली आणि त्यांतली पंधरा सोडून दिली. रॉजर्सच्या बाजूचे कॅप्टन ऑग्डन गंभीर जखमी, सहा जण किरकोळ जखमी आणि एक स्टॉकब्रिज इंडियन ठार.

दुसऱ्या बाजूची हकीकत कागदावर यायला दोनशे वर्षं लागली. गॉर्डन डे हे भाषा-अभ्यासक १९५० च्या दशकात ओडानाकच्या वृद्धांकडून आबेनाकी भाषा नोंदवून घेत होते. तेव्हा एल्विन ओबोमसाविन रॉईस या वृद्ध बाईंनी त्यांना घराण्यात चालत आलेली गोष्ट सांगितली. त्यांना ती आत्याने सांगितली होती, आत्याला तिच्या आजीने, आणि हल्ल्याच्या रात्री ही आजी लहान मुलगी होती. डे यांनी १९६२ मध्ये ही परंपरा प्रसिद्ध केली.

त्या परंपरेनुसार रात्री सभागृहात नाच चालू होता. एक तरुण मुलगी दम खायला बाहेर अंधारात आली. तिथे एक अनोळखी माणूस होता. भाषा जवळची, पण आपली नव्हे. घाबरू नकोस, मी मित्र आहे, असं तो म्हणाला. शत्रू जंगलात दबा धरून बसलाय, पहाटे तुम्हाला मारायला येणार आहे, तुझ्या लोकांना सांग. ती आत धावली. काहींचा विश्वास बसला, काहींचा नाही. पोरीचं काय ऐकायचं, असंही झालं. ज्यांचा बसला त्यांनी आपली म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन अंधारातच पाइनच्या दाट झाडीतली घळ गाठली. तिथे एका बापाने चाचपडत मुलं मोजली तर एक कमी. तो परत पळाला. घरात दिवा लावायची सोय नाही. चिमुरडी खाटेच्या पायथ्याशी बसून खिडकीतून बाहेर पाहत गाणं म्हणत होती. त्याने तिला उचललं आणि पळाला. तीच ही आजी.

तो अनोळखी माणूस रॉजर्सबरोबर आलेल्या मोहिकनांपैकी असणार. गावातल्या दुसऱ्या एका परंपरेत समादाग्विस नावाच्या, शत्रूबरोबर आलेल्या इंडियनाचा उल्लेख येतो. तो त्या पहाटे गावातच मारला गेला. रॉजर्सच्या यादीतला 'एक स्टॉकब्रिज इंडियन ठार' तोच असावा असं मानणारे अभ्यासक आहेत. दोन बाजूंच्या आठवणी या एका माणसापाशी येऊन जुळतात.

ही गोष्ट धरली की आकड्यांचं कोडं सुटू लागतं. गावातले लढणारे पुरुष बहुतेक बाहेर होते. रॉजर्सच्याच म्हणण्याप्रमाणे तीनशे फ्रेंच आणि इंडियन नदीच्या खालच्या अंगाला चारएक मैलांवर त्याची वाट पाहत होते आणि आणखी दोनशेवर दुसऱ्या गावाकडे गेले होते. उरलेल्यांपैकी कित्येक रात्रीच निघून गेले. मागे राहिले ते ज्यांचा विश्वास बसला नाही ते, म्हातारे, आणि ज्यांना हलवता आलं नाही ते. पहाटेच्या अंधारात, धुरात कुणी मुडदे मोजले नाहीत. गावकऱ्यांना मात्र आपली माणसं कोण कोण गेली हे घरागणिक ठाऊक होतं. मला तीसचा आकडा खरा वाटतो. आणि तो खरा असेल तर अ‍ॅमहर्स्टच्या हुकमातलं ते बजावणं त्या पहाटे कुणाच्या कामी आलं नाही.

रॉजर्सने मक्याची पोती भरून घ्यायला सांगितलं. काही जणांनी मक्याऐवजी लुटीचा माल उचलला, असं म्हणतात. पुढे भुकेने कुणाला जगवलं आणि कुणाला मारलं याचा निर्णय बहुधा त्या तासाभरात झाला. आठ दिवस ते एकत्र आग्नेयेला मेम्फ्रेमेगॉग सरोवराकडे चालले. मका संपला. शिकार करणं सोपं जावं म्हणून माणसांनी लहान तुकड्या करायचा हट्ट धरला आणि रॉजर्सला मान्य करावा लागला. दुमा नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याचे लोक मागावर होतेच. टर्नर आणि डनबर यांच्या तुकडीला त्यांनी गाठून कापून काढलं. आणखी एका तुकडीतले काही पकडले गेले. ओडानाकला आणलेल्या कैद्यांपैकी काहींना गावच्या बायकांनी मारलं. फ्रेंचांना ते थांबवता आलं नाही. जळालेल्या घरांच्या राखेत उभ्या असलेल्या त्या बायका होत्या.

जंगलात उरलेल्यांनी काय खाल्लं? झाडाची साल, कंद, कमरपट्ट्यांचं आणि बुटांचं कातडं, बारूद ठेवायच्या शिंगाचे उकडलेले तुकडे. लेफ्टनंट कँपबेलच्या तुकडीला एका ओढ्यात ओंडक्यांत अडकलेली माणसांची प्रेतं सापडली आणि त्यांनी ती खाल्ली, असं थॉमस मँटने १७७२ च्या आपल्या इतिहासात लिहिलं आहे. चित्रपटात हे एका वेड्या झालेल्या रेंजरवर ढकललं आहे. तो आपल्या पिशवीत एक मुंडकं घेऊन फिरतो. १९४० च्या सेन्सॉरच्या काळात इतकं दाखवलं हेच धाडस होतं. पण वेडा एक दाखवला की बाकीचे शहाणे राहतात. शहाण्या, चांगल्या माणसांनीही खाल्लं, ही खरी भयंकर गोष्ट पडद्यावर आली नाही.

रॉजर्सची तुकडी अखेर २० ऑक्टोबरच्या सुमारास वेल्स नदीच्या संगमावर पोचली. तिथे शेकोट्या अजून धुमसत होत्या. अन्न घेऊन आलेला लेफ्टनंट सॅम्युएल स्टीव्हन्स काही दिवस थांबला होता आणि दोनच तासांपूर्वी सगळा शिधा घेऊन परत निघाला होता. रॉजर्सच्या माणसांनी हवेत बार काढले. स्टीव्हन्सने ते ऐकले आणि शत्रूचे समजून वल्ही आणखी जोरात मारली. पुढे त्याचं कोर्टमार्शल होऊन हुद्दा गेला. केनेथ रॉबर्ट्सने त्या खटल्याचे कागद शोधून काढले आणि आपल्या कादंबरीच्या खास आवृत्तीला पुरवणी म्हणून जोडले. कादंबरीकाराने इतिहासाला दिलेली ती मोलाची भेट आहे.

या सबंध मोहिमेत रॉजर्सचा खरा मोठेपणा इथे सुरू होतो, आणि नेमका तोच चित्रपटाने गाळला. चित्रपटात उपाशी माणसं एका ओसाड किल्ल्यावर पोचतात, रॉजर्स खचतो, आणि तेवढ्यात ढोल वाजवत इंग्रज सैनिक अन्न घेऊन येतात. प्रत्यक्षात कुणी आलं नाही. रॉजर्सने माणसांना आसपास कोणते कंद खाण्याजोगे आहेत आणि ते कसे शिजवायचे ते दाखवलं, दहा दिवसांत अन्न पाठवतो असा शब्द दिला, आणि जखमी ऑग्डन, एक रेंजर आणि ओडानाकहून धरून आणलेला एक मुलगा यांना घेऊन तो ओंडक्यांच्या तराफ्यावर बसला. दुसऱ्या दिवशी व्हाइट नदीजवळच्या धबधब्यात तराफा गेला. कुऱ्हाड नाही, हातात ताकद नाही. त्याने झाडांच्या बुंध्याशी आगी लावून झाडं पाडली आणि पुन्हा आगीनेच त्यांचे हव्या त्या लांबीचे ओंडके केले. तोवर ऑग्डन आणि रेंजरने लाल खारी आणि एक तित्तिर मारून आणला. पुढच्या धबधब्यावर ऑग्डनने फांद्या पिळून केलेल्या दोराने तराफा धरून ठेवला आणि रॉजर्स खाली पाण्याशी जाऊन उभा राहिला. तराफा सोडला की पोहत जाऊन तो पकडायचा. हा तराफा वाचला. फोर्ट नंबर फोर या इंग्रज ठाण्याजवळ लाकूड तोडणारी माणसं भेटली. अर्ध्या तासाच्या आत अन्नाची नाव वर निघाली आणि बरोबर दहाव्या दिवशी वेल्स नदीला पोचली. दिलेला शब्द त्याने पाळला. दोन दिवस विश्रांती घेऊन तो स्वतःही पुन्हा वर गेला.

ओडानाक सोडल्यापासून तीन अधिकारी आणि ४६ सार्जंट व शिपाई गमावल्याचा हिशेब त्याने दिला. हल्ल्यात एक गेला होता, परतीच्या वाटेवर एकोणपन्नास.

चित्रपटाचं चित्रीकरण आयडाहोत मॅकॉल गावाजवळच्या पायेट सरोवराकाठी झालं. त्या वेळी टेक्निकलरचे कॅमेरे अवजड असत आणि खर्च प्रचंड. सुमारे सत्तावीस लाख डॉलर ओतूनही कंपनीला तोटा झाला, म्हणून कादंबरीचा दुसरा भाग कधी आलाच नाही. वायव्येकडून पॅसिफिककडे जाणाऱ्या जलमार्गाचा शोध त्याच भागात आहे, त्यामुळे 'नॉर्थवेस्ट पॅसेज' नावाच्या चित्रपटात तो मार्ग शोधायला माणसं शेवटी निघतात तेवढंच. आबेनाकींच्या भूमिकांसाठी आयडाहोतल्याच नेझ पर्स जमातीतली शेकडो माणसं घेतली. नेझ पर्सना १८७७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांच्या खोऱ्यातून हुसकावलं होतं. सुमारे बाराशे मैल लढत, पळत ते कॅनडाच्या दिशेने गेले आणि सरहद्द चाळीस मैलांवर असताना शरण आले. पायेटकाठच्या त्या गर्दीत ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा त्या पळापळीत होते अशी माणसं असणारच. त्यांनी कॅमेऱ्यासमोर पहाटेच्या झोपेत पेटवलेल्या गावातून धावायचं होतं.

याहून मोठा अन्याय चित्रपटाने मोहिकनांवर केला. रॉजर्सच्या सोबत्यांत गावाला सावध करणारा माणूस होता, ही शक्यताच त्या कथेत बसत नाही.

दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, अमेरिकी सैन्याने उत्तर आयर्लंडमध्ये विल्यम डार्बीच्या हाताखाली कमांडो धर्तीची पलटण उभी केली आणि तिला रेंजर हेच नाव दिलं. पुढे सैन्याच्या रेंजर हँडबुकात रॉजर्सचे म्हणून जे रांगडे नियम छापले जाऊ लागले, ते त्याच्या २८ नियमांतले नव्हेत. ते रॉबर्ट्सने कादंबरीत एका सार्जंटच्या तोंडी घातलेले आहेत. मूळ नियमांच्या जोडीला कादंबरीतली वाक्यंही शिपाई पाठ करतात. आकड्याच्या बाबतीतही असंच झालं. दोनशे हा आकडा पाठ होऊन गेला.

रॉजर्सचं पुढचं आयुष्य उताराचं. १७६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने रोजनिशी छापली आणि नाव झालं. मिशिलिमॅकिनॅकच्या ठाण्याचा प्रमुख झाला, तिथून जलमार्ग शोधायला माणसं पाठवली. १७६७ मध्ये देशद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली, माँट्रियलला खटला चालला, निर्दोष सुटला. कर्जापायी लंडनच्या तुरुंगात बसला. अमेरिकन क्रांतीत जॉर्ज वॉशिंग्टनने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही; तो इंग्रजांकडे गेला आणि क्रांतिकारकांचा हेर नेथन हेल त्याच्याच युक्तीने पकडला गेला. बायकोने १७७८ मध्ये काडीमोड घेतला. १७९५ मध्ये लंडनमध्ये दारिद्र्यात मेला.

त्याच्या तराफ्यावर बसलेला तो मुलगा कोण होता? त्याचं नाव सबाटिस, म्हणजे आंत्वान गिल. ओडानाकचा प्रमुख जोसेफ-लुई गिल याचा मुलगा. या जोसेफ-लुईचे आईवडील दोघेही न्यू इंग्लंडमधून लहानपणी पळवून आणलेली इंग्रज मुलं होती. आबेनाकींत वाढली, लग्न केलं, तिथेच राहिली. त्यांचा मुलगा रक्ताने इंग्रज, मनाने, भाषेने आणि हुद्द्याने आबेनाकी. त्याने मारी-जान या आबेनाकी मुलीशी लग्न केलं. हल्ल्यात मारी-जान आणि दोन मुलं, आंत्वान आणि झाव्हिए, रॉजर्सच्या हाती लागली. मारी-जान आणि झाव्हिए परत घरी आले नाहीत. चित्रपटात इंडियनांत राहून बदललेली एक गोरी मुलगी आहे. सुटका होत असताना ती रेंजरांवरच चिडते आणि प्रेक्षकाला ती वेडी वाटावी अशी मांडणी आहे. ओडानाकच्या प्रमुखाचं कुटुंब पाहिलं की कळतं, तिच्यासारखी माणसं त्या गावात वेडी नव्हती, नांदती होती.

१७५४ मध्ये आबेनाकींनी फोर्ट नंबर फोरजवळून सुझाना जॉन्सन नावाच्या गरोदर बाईला पकडून नेलं होतं. धरून नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी वाटेत तिला मुलगी झाली. ओडानाकला गिल कुटुंबाने तिला आपलं मानलं, आणि त्या घरातला लहानगा सबाटिस तिच्यासाठी गाई वळवून आणी. पुढे ती सुटून घरी आली. रॉजर्स कैदी घेऊन फोर्ट नंबर फोरला आला तेव्हा ती तिथेच राहत होती. तिच्या आठवणी १७९६ मध्ये छापल्या गेल्या. त्यांत ती सांगते की, सबाटिसने तिला पाहताच ओळखलं आणि माझी बहीण इथे आहे म्हणून तो ओरडला. तू अजून माझी बहीण आहेस, मी तुझा भाऊ आहे, असं तो म्हणत राहिला.

आंत्वान पुढे सुटून ओडानाकला परतला. वडिलांनी दुसरं लग्न केलं, गाव पुन्हा बांधलं गेलं, जळालेल्या चर्चच्या जागी नवं उभं राहिलं. चांदीची मेरी सापडली नाही. १९६५ मध्ये गावात आबेनाकींचं स्वतःचं संग्रहालय सुरू झालं. ओडानाकमध्ये लहानाची मोठी झालेली चित्रपट-दिग्दर्शक अलानिस ओबोमसाविन हिने २००६ मध्ये आपल्या लोकांवर 'वाबन-आकी' हा माहितीपट केला, आणि त्यात ओडानाकची गोष्ट गावचीच माणसं सांगतात.